पश्चिमेची खोली झोपायला नका ठेवू
दादा, घराच्या नकाशात तुम्ही पश्चिमेच्या कोपऱ्यात बेडरूम अन् तिला मोठी खिडकी म्हणता, पण आपल्या इकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, दुपारभर तापलेली ९ इंची भिंत रात्री उशिरापर्यंत आत गरमी सोडत राह्यते, तिथं झोप लागत नाही. त्या बाजूला जिना, बाथरूम, स्टोअर घ्या. कूलरच्या समोरच्या भिंतीत खिडकी पाहिजेच, हवा बाहेर निघाली नाही तर नुसता दमटपणा. अन् कापसाची खोली नकाशात दिसलीच नाही! भाव येईपर्यंत कापूस घरातच राह्यते, आम्ही एक वर्ष हॉलमधे भरला होता तर लेकरं अंग खाजवून खाजवून रडत होती. कापसाच्या खोलीला अंगणातून वेगळं दार द्या, चुलीपासून लांब.