फोमचा मऊपणा आणि टाचेची स्थिरता
धावण्याचे बूट निवडताना, अंगठ्याने दाबल्यावर तळाचा फोम जितका मऊ लागेल तितका बूट चांगला, असे एक मत आहे; ते मला अपुरे वाटते. न्यूट्रल धावकांच्या, म्हणजे धावताना ज्यांचे पाऊल फारसे आत कलत नाही त्यांच्या, बुटात पाऊल आत कलू नये म्हणून दिला जाणारा घट्ट फोमचा आधार नसतो. त्यामुळे गादी फार मऊ आणि तळ अरुंद असेल, तर पाय थकल्यावर, विशेषतः मुंबई मॅरेथॉनच्या अखेरीस पेडर रोडचा चढ चढताना, टाच डगमगू लागते. शिवाय बुटांच्या गादीत वापरला जाणारा ईव्हीए फोम उष्णतेने आणखी मऊ पडतो, म्हणून वातानुकूलित दुकानात बांधलेला अंदाज मे महिन्यातल्या मरीन ड्राइव्हवर टिकत नाही. मी तरी बूट सपाट फरशीवर ठेवून मागून पाहतो आणि टाचेचा कप, म्हणजे टाचेला मागून धरणारा बुटाचा कडक भाग, दोन बोटांत दाबतो. तो सहज चेपला गेला, तर गादी कितीही सुखद असली तरी तो बूट लांब पल्ल्यासाठी घेऊ नये.