पहिली-दुसरीचं गणित खेळातून शिकवावं का? आणि पैसा लेकरांच्या हातात कधी द्यावा?

परभणीकर:
माझं स्पष्ट मत आहे, द्यावा, आणि लवकर द्यावा. शंभरपर्यंत अंक सरसर लिहिणारं लेकरू दहाची नोट देऊन पाचचा बिस्किटपुडा घेतं आणि उरलेले पैसे न मोजताच खिशात घालतं, हे मी रोज बघतो. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये गरीब घरातल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० आकड्यांच्या सरळ पट्टीवर सोंगटी सरकवायचा खेळ दिला. पंधरा-पंधरा मिनिटं, चार वेळा. एवढ्यात त्यांची संख्यांची समज सुधारली. ज्यांच्या पट्टीवर नुसते रंग होते त्यांची नाही. अशी पट्टी फरशीवर खडूने आखता येते. मात्र सोंगटी चारवर असताना दोन पडले, तर "पाच, सहा" म्हणत सरकवायची. "एक, दोन" म्हणाल तर खेळ होईल, गणित होणार नाही.

लातूरची_आई:
दादा, हे बालवाडीपुरतं ठीक आहे. पाचवीत नवोदयची परीक्षा येते, तिथे वेग लागतो. माझ्या सासऱ्यांना पावकी, निमकी, औटकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि साडेतीनचे पाढे, तोंडपाठ. आडतीवर सोयाबीनची हिशोबपट्टी लिहून व्हायच्या आत ते रक्कम सांगतात. ते काय चिंचोके खेळून आलं का? पाठांतरच पाहिजे.

गुरुजी_हिंगोली:
ताई, पाढे हवेतच, त्यात वाद नाही. पण पाढा येणाऱ्या लेकराला नफा कळतोच असं नाही. आमच्या आनंदनगरीत, म्हणजे शाळेत लेकरं खाऊ विकतात त्या बाजारात, एका मुलीने भेळ विकली. गल्ला मोजला, १८० रुपये. म्हणाली, "गुरुजी, १८० कमावले!" मग तिला मुरमुरे, फरसाण, कांदे, लिंबं, एकेकाचे पैसे काढायला बसवलं. खर्च निघाला १३०. पाटीवर वजाबाकी करून तिने ५० लिहिले, आणि पहिलं काय विचारलं, तर "फरसाण कमी टाकलं असतं तर?" तिला वजाबाकी आधीपासून येत होती, पण ती कशासाठी करायची हे तिला त्या दिवशी उमगलं.
अडचणही सांगतो. आमची दोन शिक्षकी शाळा, वर्ग चार. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ ला आलं, तिसरीपर्यंत वाचन आणि गणित पक्कं करा म्हणालं. बरोबरच आहे. पण मी पहिलीला खेळात घेतलं की दुसरी मोकळी सुटते. बऱ्याच ठिकाणी आनंदनगरीत भेळ आई करते, हिशोब बाप करतो आणि लेकरू फोटोपुरतं उभं राहतं. तसं करायचं असेल तर न केलेली बरी.

बीडकर:
मला मुळात पैशाचीच घाई पटत नाही. आमच्या गावातली कितीतरी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, किती घेतली, किती फिटली, हे त्या लेकरांच्या कानावर जन्मापासून पडतं. त्यांना अजून पैसा काय शिकवायचा? सागरगोटे मोजू द्या, तेही गणितच आहे. आणि आनंदनगरीत ज्याच्या खिशात दहा रुपये नाहीत, त्या लेकराने दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं का?

परभणीकर:
बीडकर, शेवटचं तुमचं शंभर टक्के खरं. पहिलं मान्य नाही. पैशाची धास्ती ऐकणं वेगळं आणि पैसा मोजता येणं वेगळं. ज्या घरात उचल घेतली जाते, तिथल्या लेकराला तर मुकादमाच्या वहीतला हिशोब वाचता आलाच पाहिजे. शिवाय आता किराण्यावर सगळे फोनच स्कॅन करतात. नोट मोडली, सुटे परत आले, हे लेकरांना दिसतच नाही. आपण मुद्दाम दाखवलं नाही तर कुठून शिकणार?

गुरुजी_हिंगोली:
खिशाच्या प्रश्नावर उपाय आहे. शाळेनेच पुठ्ठ्याच्या नोटा करून सगळ्यांना सारख्या वाटायच्या. कच्चा माल पालकसभेतून, खरेदीला लेकरं सोबत. यंदा असंच ठरवलंय.

बीडकर:
असं असेल तर माझा आनंदनगरीला विरोध नाही. पण पहिलीला नको, तिसरीपासून करा.

लातूरची_आई:
आणि पाढे, गुरुजी?

गुरुजी_हिंगोली:
रोज परिपाठाला, ताई. तीसपर्यंत, पावकी-निमकीसकट. सासऱ्यांना एक दिवस शाळेत पाठवा, औटकी आम्हालाही शिकायची आहे.