ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) प्लेन, म्हणजे काही न घातलेल्या नळीत ३१८, ग्लुकोजच्या नळीत ४६२. रिपोर्ट कशाचा द्यायचा?

रात्रपाळी:
आयसीयूचा पेशंट, विषारी दारूचा संशय. फ्रीझिंग पॉइंट ऑस्मोमीटरवर प्लेन नळीचं सिरम ३१८, ३१७ आणि ३२६ आलं. राखाडी झाकणाच्या नळीतलं ४६२. सोडियम १३८, ग्लुकोज १०८, युरिया ६०. सूत्राने (सोडियमची दुप्पट, त्यात ग्लुकोज आणि युरियाचा वाटा) २७६ + ६ + २१.४, म्हणजे ३०३. गॅप (मोजलेला आकडा वजा सूत्राचा) १५ लिहू का?

सेंट्रीफ्यूज:
४६२ बाद करा. ती फ्लोराइडची नळी आहे. मिलिलिटरला अडीच मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड धरलं तरी साधारण ६० मिलिमोल होतात. त्याचे दोन कण सुटतात, म्हणजे १२० इथेच वाढले, ऑक्झलेट वेगळंच. रक्त कमी भरलं असेल तर आणखी. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) नळीही नको. सिरम किंवा लिथियम हेपरिन, बस्स.

दुसरं, २१.४ कुठून आलं? २.८ ने भागतात ते युरिया नायट्रोजनला. आपल्याकडे बहुतेक लॅब युरिया देतात, त्याला ६ ने भागायचं. ६० चे १० झाले. मग गणित २९२ आणि गॅप २६. पंधरा आणि सव्वीस यांत उपचारांचा निर्णय बदलू शकतो.

रात्रपाळी:
अरेच्चा, एक्सेल शीटमध्येच २.८ बसलंय. आणि ते ३२६?

गोठणबिंदू:
फ्लोराइडच्या नमुन्यानंतर लगेच लावलं होतं का?

रात्रपाळी:
हो, लागोपाठ.

गोठणबिंदू:
मग प्रोबवर राहिलेला थेंब बहुधा नडला. १ ऑस्मोलला गोठणबिंदू १.८५८ अंश उतरतो, म्हणजे एका मिलिऑस्मोलला जेमतेम ०.००१९ अंश. नमुना काही मायक्रोलिटरच असेल तर आधीचा पुसटसा ओलावाही रीडिंग हलवतो. प्रत्येक वेळी लिंट नसलेल्या टिश्यूने पुसा. पाण्याने धुऊन ओला ठेवलात तर उलट कमी येईल.

यंत्र नमुना गोठणबिंदूच्या बरंच खाली नेतं आणि मग धक्का देऊन गोठवतं. बुडबुडा किंवा फायब्रिनचा धागा असला की तो आधीच गोठतो, पठार (गोठताना स्थिर राहणारं तापमान) नीट मिळत नाही, एरर येते. सिरम पुन्हा फिरवा, वरचं घ्या. आधी २९० चा कंट्रोल (आकडा माहीत असलेला नमुना) लावा. आणि कप उघडा ठेवू नका: पाणी उडालं तर आकडा वाढतो, अल्कोहोल उडालं तर घटतो.

रात्रपाळी:
पुसून पुन्हा लावलं, ३१७. कंट्रोल २९१.

सेंट्रीफ्यूज:
छान. म्हणजे गॅप २५. आता इथेनॉलचा नमुना लावा. ४६ मि.ग्रॅ./डेसिलिटर आलं तर ४.६ ने भागून १० वजा, उरले १५. तो सगळा मिथेनॉल (विषारी दारूतलं अल्कोहोल) धरला तर गुणिले ३.२, म्हणजे ४८ मि.ग्रॅ. हा फक्त अंदाज. मॅनिटॉल (शिरेतून देतात ते औषध) चालू आहे का तेही वॉर्डला विचारा, त्यानेही गॅप वाढतो.

गोठणबिंदू:
एक भर. पेशंट उशिरा आला असेल तर गॅप नॉर्मलही दिसू शकतो. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मेट (आम्लाचा ऋणभारित कण) झालं की त्याच्या जोडीचं सोडियम सूत्रातल्या दुप्पट सोडियममध्ये आधीच मोजलेलं असतं. तेव्हा ॲनायन गॅप (रक्तातल्या न मोजलेल्या ऋणभारित कणांचा अंदाज) आणि पीएच सोबत द्या. आणि रेफरल लॅबचं व्हेपर प्रेशर यंत्र असेल तर तिथे पाठवू नका, मिथेनॉल-इथेनॉल त्याला दिसतच नाही.

रात्रपाळी:
डॉक्टरांना फोन केला, २५ सांगितलं. शीटमध्ये युरियाच्या खाली ६ घातलं, वर लाल रंगात 'युरिया, नायट्रोजन नव्हे' लिहून ठेवलं.