चायनीज क्रूझर: ९००० किलोमीटर झाले, आता बोला, घ्यावी की नाही?

ऐरोलीकर:
२०२४ च्या दिवाळीनंतर अडीचशे सीसीची चायनीज क्रूझर (खाली सीट, आरामात पसरून बसायची बाईक) घेतली, काल मीटरवर ९००० पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीये. सोसायटीत, ऑफिसात, पेट्रोल पंपावर, जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो की चायना माल कशाला घेतलास, आणि त्यातल्या एकानेही ती कधी चालवलेली नसते. म्हणून लिहितोय, पटत नसेल तर भांडा पण मुद्द्यावर भांडा.

माझं म्हणणं एवढंच की या गाड्यांचं इंजिन वाईट नसतं, जोडणी घाईची असते. पैसे वाचवलेले असतात ते ग्रीसमध्ये, नटबोल्टांत, चेनमध्ये, टायरमध्ये. ते राहिलेलं काम पहिल्या हजार किलोमीटरमध्ये तुम्ही केलंत तर गाडी चांगली निघते, नाहीतर सहा महिन्यांत खुळखुळा.

माझी गाडी गोदामात वर्षभर उभी होती म्हणून शोरूमवाल्याने साठ हजार कमी केले. टायरवर ३१२३ छापलेलं, म्हणजे २०२३ च्या एकतिसाव्या आठवड्यातला टायर, रबर कडक झालेलं. पहिल्या शनिवारी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पाने घेऊन बसलो आणि एकेका बोल्टला हात लावला. हँडल क्लॅम्पचे दोन, मागच्या फूटरेस्टचा एक, सायलेन्सरचा एक, चार ढिले निघाले. कोन सेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) उघडला तर ग्रीस बोटाला लागेल एवढंच. चेन इतकी ताणलेली की मधे बोटाने दाबली तर हलेना, मॅन्युअलमध्ये दोन-तीन सेंटिमीटर खेळ ठेवा असं स्पष्ट लिहिलंय.

मग रनिंग, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवून बसवणं. रोज पहाटे साडेपाचला निघायचो, ठाणे-बेलापूर रोडने तुर्भे, तिथून वाशी, मग पाम बीचने बेलापूर आणि परत. त्या वेळी रस्ता मोकळा असतो, खाडीकडून गार वारा येतो, इंजिन तापत नाही. एका स्पीडला धरून ठेवायची नाही, चाळीस, पंचावन्न, परत चाळीस, रेस द्यायची आणि मग थ्रॉटल सोडून इंजिनवरच हळू होऊ द्यायची. पहिले ५०० किलोमीटर ठाण्याच्या गर्दीत, तीन हात नाक्याकडे फिरकलोच नाही, एअरकूल्ड गाडी सिग्नलला दहा-दहा मिनिटं उभी करायची तर रनिंगला अर्थच राहत नाही.

३०० ला पहिलं ऑईल काढलं. खायच्या तेलाचा पाच लिटरचा कॅन आडवा कापून खाली ठेवला, मोबाईलची टॉर्च मारली तर काळपट तेलात चंदेरी भुकटी गोल फिरत होती, गणपतीच्या मुकुटाला मारतात त्या रंगासारखी. ही भुकटी हजार किलोमीटर आत फिरली असती तर काय झालं असतं याचा विचार करा. १००० ला परत काढलं तेव्हा टॉर्च अगदी जवळ धरून भुकटी शोधावी लागली.

घोडबंदरचा_रायडर:
भावा तुझी मेहनत मान्य, पण तू अर्धंच सांगतोयस. मीही एक बाहेरच्या कंपनीची क्रूझर घेतली होती, नाव मीही घेत नाही. गाडी छान चालायची. एक दिवस गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये क्लच वायर तुटली आणि नवीन वायर यायला पाच आठवडे लागले. पाच आठवडे, क्लच वायरसाठी! नंतर डाव्या हाताचा स्विच गेला तर दोन महिन्यांनी उत्तर आलं की स्टॉक नाही. मग शोरूमच बंद झालं. विकायला काढली तर लोक फोटो बघून फोन करायचे आणि नाव ऐकून ठेवून द्यायचे, शेवटी अर्ध्याहून कमी किमतीत दिली. नटबोल्ट तू आवळशील रे, पार्ट कुठून आणशील?

आणि आता तर कारणच उरलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय. रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० घे, कापूरबावडीपासून पनवेलपर्यंत कुठेही मेकॅनिक मिळतो.

ऐरोलीकर:
दादा जीएसटी माझ्या अडीचशेवरही तेवढाच कमी झालाय, तो मुद्दा दोन्हीकडे सारखाच. पार्टचं मात्र मान्य, त्यावर लिहितो नंतर.

कोपरीचा_मिस्त्री:
मी बावीस वर्षं गाड्या खोलतोय म्हणून बोलतो. चायना म्हटलं की सगळं एका मापाने मोजू नका. होंडाने १९७६ मध्ये सीजी१२५ काढली, पुशरॉडचं (दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारं) साधं इंजिन, तेच पुढे चीनमध्ये असंख्य कंपन्यांनी बनवलं. यामाहाची विरागो २५० आली १९८८ ला, तिचं व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर) इंजिन बघून चीनमध्ये कितीतरी छोट्या क्रूझर निघाल्या. म्हणजे डिझाईन जपानी, जुनं आणि घासून पारखलेलं. बेनेली इटलीची, १९११ ची कंपनी, पण २००५ पासून मालक चीनचा चियानजियांग ग्रुप. तेव्हा चायनीज म्हणजे पत्र्याचं खेळणं हे डोक्यातून काढा.

पण ऐरोलीकर, तुमचं एक चुकलं. इंजिन चांगलं आणि बोल्ट वाईट एवढ्यावर भागत नाही, वाईट बोल्टच इंजिन खातो. ऑईल काढायचा ड्रेन बोल्ट मऊ धातूचा असतो, तो जोर लावून आवळला की ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे जातात, मग थेंब थेंब ऑईल गळतं, कुणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस ब्लॉक-पिस्टन खराब. माझ्याकडे अशा गाड्या येतात त्यातल्या निम्म्यांचे आटे मालकानेच घालवलेले असतात, यूट्यूब बघून. टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) नसेल तर हात लावू नका. वॉशर दरवेळी नवीन टाका. आणि कारचं ऑईल ओतू नका, क्लच ऑईलमध्ये बुडालेला असतो, घसरायला लागतो. डब्यावर जासो (JASO) या जपानी दर्जाचं एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघूनच घ्या. १००० ला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, तपासून घ्या, रनिंगमध्ये तो बदलतो.

सायली_नेरुळ:
मला मूळ मुद्दाच पटत नाही. दीड-दोन लाख भरून गाडी घ्यायची आणि कोन सेटमध्ये ग्रीस मी भरायचं? तुम्हाला आवड आहे, शनिवार मोकळा आहे, पार्किंगमध्ये जागा आहे. माझी शिफ्ट ड्युटी, सोसायटीत वॉचमन गाडी धुवू देत नाही तर खोलू कुठून देणार. हँडलचा बोल्ट ढिला असणं ही तुम्हाला रनिंगची गंमत वाटते, मला तो जिवाचा प्रश्न वाटतो. त्याबद्दल शोरूमशी भांडायला हवं होतं, स्वतः आवळून वर कौतुक नको.

माझी उंची पाच फूट, म्हणून मला क्रूझरच हवी होती, पाय पूर्ण टेकले पाहिजेत. मीपण चायनीज बघायला गेले होते, सीट खरंच खाली होती, दिसायलाही सुंदर. शेवटी बजाजची अव्हेंजर २२० घेतली. सीट ७३७ मिलिमीटर, वजन १६० किलोच्या आसपास, उरण रोडला कंटेनरच्या मधे अडकले तरी पायाने मागे ढकलता येते. मीटिऑर १९१ किलोची, ती मला जमली नाही.

कळव्याचा_पप्या:
रनिंगच्या नावाने चाळीस-पंचेचाळीसने चालवणं चूक आहे. नवीन बोरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) बारीक तिरक्या रेषा असतात, त्यांच्यावर पिस्टनची रिंग घासून बसते आणि रिंगला बाहेर दाबतो तो जळणाऱ्या गॅसचा दाब. दाब यायचा तर लोड द्यावाच लागतो. हळू चालवत बसलात तर रेषा गुळगुळीत होतात, रिंग नीट बसतच नाही आणि गाडी जन्मभर ऑईल पिते. मी माझी पहिल्या दिवसापासून खेचली, आज २२००० झाले, धूर नाही.

कोपरीचा_मिस्त्री:
पप्या, रिंगचं बरोबर बोललास, खेचण्याचं नाही. लोड द्यायचा तो थोडा वेळ आणि इंजिन गरम झाल्यावर, मग सोडायचं. नव्या इंजिनात फक्त रिंग नसते, गिअर आहेत, बेअरिंग आहेत, कॅम आहे, त्यांनाही बसायला वेळ लागतो. सगळ्यात वाईट म्हणजे मुंब्रा बायपासच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये तीसने घुसमटत नेणं. लोकांना वाटतं हळू म्हणजे जपून. खाली गिअर टाका, इंजिनाला मोकळं फिरू द्या.

ऐरोलीकर:
सायली ताई, तुमचं म्हणणं दोनदा वाचलं. हँडलच्या बोल्टबद्दल मी शोरूमला जाऊन लेखी तक्रार द्यायला हवी होती, बरोबर आहे, ती माझी चूक. दुसऱ्या कुणाला तशीच गाडी दिली गेली असेल. या आठवड्यात जाऊन देतो. पण ज्याला आवड आहे त्याच्यासाठी माझं मत तेच राहील. हाताने खोललेली गाडी ओळखीची होते, पावसाळ्यात घणसोलीजवळ अचानक बंद पडली तर कुठला कनेक्टर ओला झाला असेल हे मला अंधारात हाताला कळलं, दहा मिनिटांत घरी निघालो. हे सुख मला आधीच्या गाडीने कधी दिलं नाही.

घोडबंदर दादा, पार्टचं मी असं केलं. गाडी घेतली त्याच महिन्यात क्लच वायर, थ्रॉटल वायर, ब्रेक पॅड, ऑईल फिल्टर दोन-दोन मागवून ठेवले. क्लच वायर ठाण्यात जुनी दाखवून त्याच मापाची करूनही मिळाली. बेअरिंग आणि ऑईल सील यांच्यावर नंबर छापलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जायचं, गाडीचं नावही सांगावं लागत नाही. टायर देशी बसवले, चेन स्प्रॉकेट ८००० ला बदललं.

घोडबंदरचा_रायडर:
वायर आणि बेअरिंग ठीक. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला तर? मीटर गेला तर? पडलास आणि टाकी चेपली तर? ते कुठल्या दुकानात मापाने करून देतात सांग.

ऐरोलीकर:
त्याला माझ्याकडे उत्तर नाही. टाकीचं डेंटिंग होईल, ईसीयूचं नाही होणार. कंपनी इथून गेली तर ती जोखीम मी घेतलेली आहे, आणि घरात दुसरी गाडी नसेल तर ही घेऊ नका असं मी स्वतःच सांगेन. माझ्या घरी बाबांची स्कूटर आहे.

सायली_नेरुळ:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

ऐरोलीकर:
हो, ते राहिलंच. मिस्त्री काका, माझे टॅपेट १००० नंतर तपासलेच नाहीत, सकाळी थंड इंजिनाला टक टक येतंय. रविवारी कोपरीला घेऊन येऊ का?

कोपरीचा_मिस्त्री:
शनिवारी रात्रीच आणून लावा. थंड इंजिनावरच गॅप बघायचा असतो, ऐरोलीहून चालवत आलात तर दुपारपर्यंत थांबावं लागेल.