कोजागरीला 'मून म्युझिक' लावायचं का? सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

सी-६०१ (सांस्कृतिक समिती): नमस्कार मंडळी. काल दसऱ्याला सगळे खाली जमलात, खूप बरं वाटलं. बुधवारी कोजागरी आहे. साडेसातला गच्चीवर भेटू. दुधाचं ए-७०२ काकूंनी अंगावर घेतलंय. गाण्यांचं मात्र अजून ठरत नाहीये. दरवर्षीची चांदण्याची गाणी आहेतच. यंदा बी-५०३ ताईंनी काहीतरी वेगळं सुचवलंय, त्याच सांगतील.

बी-५०३: कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा नवा अल्बम लावू या असं माझं म्हणणं आहे. नावच 'मून म्युझिक'. ४ तारखेला आलाय. त्यांचा दहावा अल्बम, गाणीही दहाच, पाऊण तासाच्या आत संपतो. १८, १९ आणि २१ जानेवारीला ते आपल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर येतायत. आपल्याकडे तिकिटं मिळालेली घरं मोजकीच. बाकीच्यांना गच्चीतून जेवढं कानावर पडेल तेवढंच. तोवर गाणी ओळखीची तरी होतील.

बी-३०५: तिकिटांचा विषय काढूच नका. त्या रविवारी घरातले चारही फोन घेऊन बसलो होतो. रांगेत आमच्यापुढे लाखो लोक. तिसरा शो जाहीर झाला तेव्हाही तेच.

सी-१०४: ताई, कोल्डप्लेला माझी ना नाही. 'पॅराशूट्स' २००० साली आला तेव्हा मी कॉलेजात होतो, त्यातली सगळी गाणी गिटारवर बसवली होती. २००२ चा 'अ रश ऑफ ब्लड टू द हेड' आजही तेवढ्याच प्रेमाने ऐकतो. म्हणून हा अल्बम ऐकून वाईट वाटलं. मॅक्स मार्टिन हा पॉपचा फार मोठा निर्माता, ब्रिटनी स्पिअर्सपासून टेलर स्विफ्टपर्यंत सगळ्यांबरोबर काम केलेला माणूस. २०२१ च्या अल्बमपासून तो यांच्याबरोबर आहे. त्याच्या हाताखाली सगळं इतकं गुळगुळीत झालंय की जॉनी बकलंडची गिटार शोधावी लागते. आणि सतत आनंद, आनंद, प्रेम, प्रेम. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं ऊन. गाण्यात कुठे सावली नको का?

डी-३०२: दादा, 'आय ॲम' ऐकलंत का पूर्ण? सातवं गाणं. त्यात गिटार आहे की, चांगली दणदणीत. आणि 'वी प्रे'मध्ये लिटल सिम्झ लंडनची, बर्ना बॉय नायजेरियाचा, एलियाना पॅलेस्टिनी-चिली घरातली, टिनी अर्जेंटिनाची. आमच्या कॉलेजात सध्या तेच चालू आहे. व्हायोलिनची ती एकच ओळ सारखी फिरत राहते आणि त्यावर रॅप येतं. ते गुळगुळीत नाही वाटत.

सी-१०४: 'वी प्रे' मान्य. ते जमलंय. पण 'गुड फीलिंग्ज'? ते कपड्यांच्या दुकानात लावायचं गाणं आहे.

डी-३०२: मला तेच सगळ्यात जास्त आवडतं. आयरा स्टार गायला लागते तिथे गाणं एकदम उघडतं. नाचावंसं वाटतं यात काय चुकलं?

ए-२०१: मी काही या संगीतातला जाणकार नाही. बी-५०३ ने परवा दुवा पाठवला म्हणून नातवाबरोबर अल्बम ऐकला. सी-१०४ यांचा मुद्दा शब्दांच्या तोकडेपणाचा असेल तर मला एक सांगायचं आहे. शेवटचं 'वन वर्ल्ड' नावाचं गाणं आहे, त्यात फार थोडे शब्द पुन्हा पुन्हा येतात. आमच्या भजनी मंडळात गजर होतो तसंच ते मला वाटलं. 'ज्ञानोबा माउली तुकाराम' यात शब्द किती आहेत? अर्थ कळून चुकल्यावरही माणूस तेच म्हणत राहतो, कारण तेव्हा ते म्हणण्याचं काम गळ्याचं आणि श्वासाचं असतं. गजराला जागा शेवटी असते, आधी अभंग व्हावे लागतात. या मुलांनीही ते शेवटीच ठेवलंय. आवडलं मला.

बी-५०३: काका, किती छान सांगितलंत. सी-१०४ दादा, आता जरा सविस्तर लिहिते, कारण 'सावली नाही' हे मला अजिबात पटत नाही.

अल्बम सुरू होतो तो नाचाने नाही. पहिल्या गाण्यात जॉन हॉपकिन्स या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने आवाजांचा एक लांब, संथ पडदा उभा केलाय. त्यात पियानो हळूच येतो आणि मग क्रिस मार्टिन जे गातो ते खचलेल्या माणसाचं गाणं आहे. स्वतःला सावरायचा प्रयत्न करून थकलेला, जगावर प्रेम करावं असं वाटतं पण जमत नाही अशा माणसाचं. हे ऐकल्याशिवाय दुसरं गाणं ऐकायचंच नाही. आपण सगळे दुसरंच आधी ऐकतो, कारण 'फील्स लाइक आय ॲम फॉलिंग इन लव्ह' जूनपासून सगळीकडे वाजतंय. ते एकटं ऐकलं तर साधं प्रेमगीत वाटतं. पहिल्याच्या मागोमाग ऐकलं की कळतं, हा माणूस अंधारातून आत्ताच बाहेर आलाय आणि त्याला अजून खात्री नाही. दोन गाण्यांच्या मधला तो सांधा नीट ऐका, सगळा अल्बम तिथे आहे.

मग 'ज्युपिटर'. जवळजवळ फक्त अकूस्टिक गिटार. दुसऱ्या मुलीवर प्रेम असलेल्या एका मुलीची गोष्ट. आधी ती ते मनातच ठेवते, मग हळूहळू तिला बोलायचं बळ येतं. दादा, 'पॅराशूट्स'वाल्या तुम्हाला हे गाणं कसं निसटलं, मला खरंच नवल वाटतं.

सहाव्या गाण्याला नावच नाही, नावाच्या जागी इंद्रधनुष्याचं चित्र आहे. त्यात अमेरिकन कवयित्री माया अँजेलो यांचा बोलण्याचा आवाज घेतलाय. त्या बाईंचं आयुष्य ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की त्यांनी आशेबद्दल काही म्हटलं तर ते वरवरचं नसतं. लहानपणी अत्याचार झाल्यावर त्या जवळपास पाच वर्षं बोलल्या नव्हत्या. त्यांचा आवाज अल्बमच्या बरोबर मधोमध आलाय, आणि मला तो सगळ्या वाद्यांपेक्षा मोठा वाटतो.

सावली कशी असते हे या लोकांना ठाऊक आहे. २०१४ चा 'घोस्ट स्टोरीज' आठवा, तो क्रिस मार्टिनच्या लग्नाच्या फाटाफुटीच्या काळातला अल्बम, मोजकं बोलणारा आणि एकटा. त्या माणसाने दहा वर्षांनी आनंदाची गाणी लिहिली तर ती दुःख माहीत नसणाऱ्याची गाणी कशी असतील? दुःखाचं गाणं खोल आणि सुखाचं उथळ, हे आपण न तपासता धरून चालतो. हार्बर लोकलच्या गर्दीत उभ्याने सीएसएमटीपर्यंत जाताना हा अल्बम मी कानात लावते. त्या एवढ्याशा जागेत कुणी मला आनंदाची आठवण करून देत असेल तर त्याचे माझ्यावर उपकारच आहेत.

सी-१०४: 'ज्युपिटर' मी घाईघाईत पुढे ढकललं होतं. आज नीट ऐकतो.

बी-३०५: पर्यावरणावर एवढं बोलतात आणि जगभर विमानाने फिरतात, ते कसं काय?

डी-३०२: काका, तो प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारलाय. २०१९ च्या अल्बमनंतर त्यांनी दौराच केला नाही, प्रदूषण कमी कसं करायचं ते ठरेपर्यंत. आताच्या दौऱ्यात प्रेक्षकांनी उड्या मारल्या की वीज तयार होते अशी जमीन आणि पायडल मारायच्या सायकली ठेवतात. मनगटावरच्या दिव्यांच्या पट्ट्या परत गोळा करतात. आधीच्या दौऱ्याच्या तुलनेत दर शोमागे कार्बन ५९ टक्के कमी झाला असं त्यांनी जूनमध्ये जाहीर केलं. या अल्बमची तबकडीसुद्धा वापरून फेकलेल्या प्लास्टिकची आहे, एका तबकडीला नऊ बाटल्या.

बी-३०५: नऊ बाटल्या! आपल्या गच्चीवरच्या कार्यक्रमालाही यंदा प्लास्टिकचे पेले नकोत मग.

सी-६०१: हे बरं सुचवलंत. प्रत्येकाने घरून स्टीलचा पेला आणावा.

ए-२०१: एक शंका. २०१६ मध्ये यांचा मुंबईत केलेला व्हिडिओ आला होता, सोनम कपूर होती त्यात. तेव्हा मला राग आला होता. साधू, रंग उधळणारी पोरं, जुनी देवळं. भारत म्हणजे एवढंच का? जानेवारीत येतील तेव्हा पुन्हा तेच करणार नाहीत ना?

बी-५०३: काका, तुमचा राग रास्त आहे. तेव्हा अनेकांनी हीच टीका केली होती आणि मलाही ती पटली. पण त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला ते बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर गायले तेव्हा मी तिथे होते. नोटाबंदीला दोन आठवडेही झाले नव्हते, खिशात सुट्टे नाहीत, पाण्याची बाटली घ्यायची तरी पंचाईत. अनोळखी लोक एकमेकांना पाणी देत होते. स्टेजवर जे झालं त्यात मला कुठे भारताची नक्कल दिसली नाही. यंदाच्या अल्बममध्ये त्यांनी नायजेरियाचे, अर्जेंटिनाचे गायक घेतलेत ते त्यांच्या आवाजात, त्यांच्या पद्धतीने गातात. मला हा बदल मोठा वाटतो.

ए-७०२: दुधाची यादी करत होते म्हणून उशिरा वाचतेय. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण त्या प्रेमाच्या गाण्याचा व्हिडिओ बघितला आणि पुन्हा लावला. अथेन्सच्या दगडी पुरातन नाट्यगृहात बँड वाजवतोय आणि नताशा ओफिली नावाची कर्णबधिर अभिनेत्री सगळं गाणं हातांनी म्हणतेय. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत नाही, मधोमध, त्यांच्या बरोबरीने. तुम्हाला माहीतच आहे, मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. गॅदरिंगला आमची मुलं स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळहात टेकवून उभी राहायची. ठेका हातात आला की चेहऱ्यावर दिसायचा, मग पायात उतरायचा. एक मुलगी गालच टेकवायची. 'यांना काय गाणं कळणार' असं म्हणणारे पाहुणे मी खूप पाहिले. या बँडच्या कार्यक्रमात कर्णबधिर प्रेक्षकांसाठी कंप जाणवणारी जाकिटं असतात असं मुलाने वाचून दाखवलं. आनंदाचं गाणं सगळ्यांपर्यंत पोचावं म्हणून एवढी खटपट करणाऱ्यांना मी तरी वरवरचं म्हणणार नाही.

डी-३०२: काकू, हे मला माहीतच नव्हतं.

सी-६०१: काकू, त्या मुलांपैकी कुणी जवळपास राहतात का? बोलवा ना बुधवारी. स्पीकर आहेच.

ए-७०२: दोघी आहेत, जुईनगर आणि सानपाड्याला. विचारते.

सी-१०४: 'ज्युपिटर' ऐकलं. ताई, हे गाणं चांगलं आहे, अगदी मनापासून सांगतो. 'ऑल माय लव्ह'ही पियानोवरचं, जुन्या कोल्डप्लेची आठवण देणारं. पण 'एटर्ना'वरचं माझं मत तेच आहे. तो ठेका मशीनचा आहे आणि विल चॅम्पियनसारखा ड्रमर असताना मशीन कशाला? २०१९ ला याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू हा बँड ऐकला होता. तिथे ड्रम छातीवर आदळत होता. तसा आवाज मला या अल्बममध्ये कुठेच मिळाला नाही, आणि त्याची मला रुखरुख आहे.

बी-५०३: ती मलाही आहे, थोडी. पण जानेवारीत प्रत्यक्ष वाजवतील तेव्हा तोच ठेका विलच्या हातून येईल. तेव्हा पुन्हा बोलू.

सेक्रेटरी (ए-१०१): मंडळी, दहाला स्पीकर बंद, हे लक्षात असू द्या. नवरात्रातली सवलत संपली. शेजारच्या इमारतीत लहान बाळ आहे, त्यामुळे स्पीकरचं तोंड पाण्याच्या टाकीकडे ठेवा.

सी-६०१: ठरलं तर. साडेसात ते साडेआठ आपली नेहमीची गाणी, मग दूध, मग पावणेनऊपासून 'मून म्युझिक' सलग, पहिल्यापासून. मधली गाणी गाळायची नाहीत असा बी-५०३ ताईंचा आग्रह आहे आणि तो मी मान्य केलाय. त्यानंतर वेळ उरला तर ए-२०१ काकांचा गजर. सी-१०४, तुमचे मोठे स्पीकर मिळतील का? लाकडी खोक्याचे आहेत म्हणून विचारतेय.

सी-१०४: मिळतील. वर न्यायला दोन माणसं लागतील, जड आहेत. लिफ्टमध्ये एका वेळी एकच मावेल.

डी-३०२: मी आणि भाऊ येतो सहाला.

ए-७०२: दूध अंदाजे किती जणांचं करू, ते मंगळवार दुपारपर्यंत कळवा. आणि कुणाला सुकामेवा चालत नसेल तर आधीच सांगा, वेगळं पातेलं ठेवते.