केबिनचा आरसीसीबी कारण नसताना पडतोय, मदत हवी आहे (तातडीचं)

अर्धी_भिंत:
जुन्या लाकडी केबिनचं काम काढलंय. वायरिंग जुनंच ठेवलं, बोर्ड तेवढा नवा. आरसीसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) सारखा पडतोय. बदलून दुसरा आणला, तोही तसाच. कहर म्हणजे सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे, जादा प्रवाहाला पडणारे स्विच) खाली केले तरी पडतो! इलेक्ट्रिशियन म्हणाला "माल खराब", आता फोन उचलत नाही. परवा रंगारी येणार. कोणता आरसीसीबी घेऊ, तेवढंच सांगा.

मेगरवाला:
किती मिलिअँपिअर गळतीला पडणारा आहे? वायर कसली? अर्थिंग आहे का? केबिनला वीज कुठून येते? यातलं काहीच सांगितलं नाहीत. दोन आरसीसीबी सारखेच वागतायत म्हणजे दोष त्यांच्यात नसावा.

अर्धी_भिंत:
३० मिलि. वायर जुनी आहे हो, लिहिलंय की. अर्थिंग आहे. वीज घरातूनच, आणखी कुठून येणार?

सरळसोट:
काढून टाका तो आरसीसीबी. आमच्याकडे वर्षानुवर्षं नुसते फ्यूज होते, कुणाला काही झालं नाही. एमसीबी आहे ना? बास.

दोन_तारा:
सरळसोट, असले सल्ले देऊ नका हो. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. अंगातून ५० मिलिअँपिअर गेले तर जीव जाऊ शकतो, आणि ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

सरळसोट:
बरं, मग १०० मिलिवाला बसवा. कमी वेळा पडेल.

मेगरवाला:
१०० आणि ३०० वाले आगीचा धोका कमी करायला असतात. माणसासाठी ३० च. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलण्यातला प्रकार आहे हा.

निवांत_पाखरू:
विषय निघालाच आहे तर, लाकूडकाम उघडं आहे तोवर वाळवीचं औषध मारून घ्या. नंतर पस्तावाल. आम्ही पस्तावलो.

अर्धी_भिंत:
वाळवी नाहीये. आरसीसीबी पडतोय. आत्ता परत पडला. मी तर केबिनमध्ये नव्हतोही, घरात पाण्याची मोटर लावत होतो.

मेगरवाला:
थांबा. मोटर लावली आणि त्याच वेळी पडला? आधीही असंच झालंय का?

अर्धी_भिंत:
आता म्हणताय तर... सकाळीही मोटरच्याच वेळी. योगायोग असेल.

दोन_तारा:
मोटर सुरू होताना झटका बसतो, त्याने पडत असेल. सर्ज प्रोटेक्टर लावा.

मेगरवाला:
सर्जने एखादवेळी पडेल, रोज नाही. माझा अंदाज: केबिनमध्ये न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) कुठेतरी अर्थला टेकलाय. साधा एमसीबी फक्त फेज (प्रवाह आणणारी तार) तोडतो. सगळ्या सर्किटचे न्यूट्रल लिंकवर (बोर्डातल्या जोडपट्टीवर) एकत्रच राहतात, म्हणून एमसीबी पाडून उपयोग नाही. घरात मोटर लागली की न्यूट्रल अर्थच्या तुलनेत एक-दोन व्होल्ट वर उचलला जातो. दोन व्होल्ट आणि वाटेत २० ओहम धरा, १०० मिलिअँपिअर झाले. आरसीसीबीच्या न्यूट्रलमधून प्रवाह जातोय, फेजमधून काहीच नाही. फरक दिसला की तो पडणारच, त्याचं कामच ते.

आता हे करा. घरातला मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा, जमल्यास मीटरनेही. केबिनमधलं सगळं प्लगमधून काढा. लिंकवरचे न्यूट्रल एकेक सुटे करा, प्रत्येकाला खूण करा आणि प्रत्येक सुटा न्यूट्रल ते अर्थ ओहम मोजा. मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) मिळाला तर उत्तम, ५०० व्होल्टवर निदान १ मेगाओहम यायला हवा. पण तार थेट टेकली असेल तर साध्या मल्टिमीटरवरही कळेल.

सरळसोट:
एवढा खटाटोप? नवीन वायरिंग करून टाका म्हणजे झालं.

दोन_तारा:
काल फ्यूज, आज नवीन वायरिंग. :)

अर्धी_भिंत:
मोजलं. चारपैकी तीन न्यूट्रलवर मीटर अर्थशी काहीच जोड दाखवत नाही. मागच्या खोलीच्या न्यूट्रलवर ४ ओहम! तो सुटा ठेवून, त्याचा एमसीबीही खाली ठेवून मेन दिला. मोटर दोनदा लावली, आरसीसीबी जागचा हलला नाही. पण त्या खोलीत तर आम्ही वायरला हातही लावलेला नाही. फक्त भिंतीला फळ्या ठोकल्या.

मेगरवाला:
फळ्या!! हे पहिल्या पोस्टमध्ये का नव्हतं? कधी ठोकल्या? स्क्रू केवढे?

अर्धी_भिंत:
मागच्या आठवड्यात, बोर्ड बसवला त्याच दिवशी. दोन इंची. वायरिंगचं विचारत होतो म्हणून सुतारकाम लिहिलं नाही.

दोन_तारा:
घ्या.

मेगरवाला:
मेन परत बंद करा. जुन्या लाकडी केसिंगच्या (खाचांतून वायर नेणाऱ्या पट्टीच्या) रेषेवर आलेले स्क्रू एकेक काढत जा, दरवेळी ओहम बघा.

अर्धी_भिंत:
सापडला! खिडकीच्या वरचा, सातवा स्क्रू. केसिंगवरून अर्थची उघडी तार गेलीय, स्क्रू तिला घासून थेट आतल्या न्यूट्रलच्या खाचेत. काढला तर टोकाशी काळा डाग. फेजची खाच शेजारीच, बोटाच्या पेराएवढीही लांब नाही. ते बघून हात थरथरले, खोटं कशाला सांगू.

आता एवढीच जागा टेप लावून बंद केली तर चालेल ना? परवा रंगारी आहेत.

मेगरवाला:
नाही. वायर रबरची आहे ना, वरून सुती वेष्टण? कापलेल्या जागी दोन बोटांत धरून हलकं चोळा.

अर्धी_भिंत:
चोळलं. भुगा झाला, तांबं उघडं पडलं.

मेगरवाला:
मग उत्तर मिळालं. टेप कशाला चिकटवणार? त्या खोलीचं सर्किट पूर्ण नवीन ओढा, दिव्यांना १.५ आणि प्लगना २.५ चौरस मिमी, पाइपमधून. तोवर ते सर्किट दोन्ही तारा काढून बंदच ठेवा. बाकी तिन्ही सर्किटची वायर त्याच वयाची आहे, तीही मेगर करून घ्या. आणि यावेळी इलेक्ट्रिशियन असा बघा जो मेगर घेऊन येतो.

सरळसोट:
नवीन वायरिंग म्हटलं होतं मी.

अर्धी_भिंत:
रंगाऱ्यांना पुढची तारीख दिली. एक विचारायचं होतं. स्क्रू काढला त्या जागेची पट्टी ठोकून पाहिली तर पोकळ वाजतेय, आतून मातीसारखं काही पडलं. वाळवीचं कोण म्हणालं होतं?