मदत हवी आहे: मागचे पाय निकामी झालेल्या बिअर्डेड ड्रॅगनसाठी (पाळीव सरड्यासाठी) टाकी, ऊब आणि खाणं कसं बसवावं?

पिंपळपान

नमस्कार. आम्ही मिनियापोलिसला राहतो. रेस्क्यूमधून साधारण दीड वर्षाचा नर बिअर्डेड ड्रॅगन घरी आणला आहे. वजन २६० ग्रॅम, शेपटीसकट लांबी ४१ सेंमी. सरीसृपांच्या व्हेटने एक्स-रे काढला. निदान जुन्या एमबीडीचं, म्हणजे मेटाबोलिक बोन डिसीजचं आहे. हाडं पातळ, कंबरेच्या वर कण्याला बाक, उजव्या मांडीचं जुनं फ्रॅक्चर वाकडंच जुळलेलं. मागचे दोन्ही पाय ओढत नेतो. बोट हलकेच दाबलं तर डावा पाय जरा आखडून घेतो, उजवा नाही. खालचा जबडा आखूड आणि किंचित मऊ आहे. शी चार-पाच दिवसांनी होते. तोंडावाटे द्यायचं कॅल्शियमचं औषध चालू आहे, सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे.

सध्याची टाकी १२० × ६० × ६० सेंमी. एका टोकाला १०० वॉटचा दिवा, खाली २० सेंमी उंचीचं लाकूड, तळाला वाळू. यूव्हीबीसाठी, म्हणजे अतिनील किरणांसाठी, त्याच्याबरोबर आलेला पिळाचा छोटा बल्ब जाळीवर ठेवला आहे. तापमान काचेला चिकटवलेल्या तबकडीवर बघते.

प्रश्न असे:
१. लाकडावर चढता येत नाही, तर बास्किंग, म्हणजे दिव्याखाली अंग शेकणं, कसं द्यायचं?
२. तळाला काय घालावं? पोट घासतंय.
३. शी नियमित होण्यासाठी काय करावं?
४. जबडा मऊ असताना काय आणि कसं भरवावं?

गारवेल

पिंपळपान ताई, पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तोच आधी घेते.

धडधाकट ड्रॅगन स्वतःचं तापमान पायांनी सांभाळतो. गरम झालं की सरकतो, गार वाटलं की दिव्याखाली येतो. त्यामुळे त्याच्यासाठी १०५ फॅरनहाइटचा एखादा कडक ठिपका चालतो. तुमच्या बाळाला वेळेवर सरकता येत नाही, शिवाय मागच्या भागाला चटका जाणवेलच असं नाही. म्हणून इथे तापमान कमी आणि उबेचा पट्टा रुंद हवा. बसायच्या जागेचा पृष्ठभाग ९५ ते ९८ फॅ., गार टोक ७८ ते ८० फॅ., मधला उतार हळूहळू.

एका १०० वॉटच्या दिव्याऐवजी ५० वॉटचे दोन हॅलोजन फ्लड दिवे १५ सेंमी अंतराने शेजारी शेजारी लावा. एकाच दिव्याखाली पाठीचा मधला भाग भाजतो आणि शेपटीकडचा गार राहतो. दोन दिव्यांत अख्खं अंग सारखं तापतं. दोन्ही दिवे एकाच डिमिंग थर्मोस्टॅटवर (तापमानानुसार दिवा मंद-प्रखर करणाऱ्या यंत्रावर) घ्या. थर्मोस्टॅटचा सेन्सर बसायच्या फरशीवरच झिप-टायने घट्ट बांधा. तो सुटून गार कोपऱ्यात पडला तर थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे, आणि दिवा पूर्ण ताकदीने पेटत राहतो. हलता न येणाऱ्या प्राण्यासाठी हा अपघात जीवघेणा आहे. रोज सकाळी सेन्सर जागेवर आहे ना, हे हाताने चाचपून बघा.

काचेवरची तबकडी काढून टाका. ती काचेचं तापमान दाखवते, फरशीचं नाही. इन्फ्रारेड टेंपरेचर गन घ्या. पोटाखाली हीट मॅट किंवा हीट रॉक अजिबात नको.

रात्री दिवे बंद. घर ६५ फॅ.च्या खाली जात असेल तरच सिरॅमिक हीटर लावा, तोही थर्मोस्टॅटवर. हाडं भरून येईपर्यंत हिवाळी झोपेला, म्हणजे ब्रुमेशनला जाऊ देऊ नका. हिवाळ्यातही दिवे बारा तास चालू ठेवा.

रानजाई

गारवेलने सांगितलंय ते सगळं करा. त्यात एक गोष्ट हमखास निसटते. लाकूड काढून त्याला तळाशी आणलं की यूव्हीबीचं अंतरही वाढतं. ६० सेंमी उंच टाकीच्या छतावरचा दिवा फरशीवर बसलेल्या ड्रॅगनला जवळजवळ काहीच देत नाही. आणि मुळात एमबीडी झाला तो बहुधा यूव्हीबी न मिळाल्यामुळेच. यूव्हीबी नाही तर कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी३ नाही तर पोटातलं कॅल्शियम रक्तात जात नाही, मग पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून ओढून घेते.

पिळाचा बल्ब आजच काढा. त्याचा झोत एका छोट्या जागेपुरताच पडतो, वरून जाळी आणखी एक तृतीयांशाच्या आसपास अडवते. त्याऐवजी टी५ एचओ प्रकारची लांब नळी घ्या, १० किंवा १२ टक्के यूव्हीबीची, रिफ्लेक्टरसह, टाकीच्या निम्म्या लांबीची. ती जाळीच्या आत साखळीने खाली सोडा, त्याच्या पाठीपासून ३५ ते ४० सेंमीवर. वायर लोंबकळत ठेवू नका. सोलारमीटर ६.५ (यूव्ही इंडेक्स मोजायचं यंत्र) उसना मिळाला तर पाठीच्या उंचीवर यूव्ही इंडेक्स ३ ते ४ येतोय का बघा. मीटर नसेल तर उत्पादकाचा अंतराचा तक्ता पाळा आणि नळी दर वर्षी बदला. उजेड दिसतो म्हणजे यूव्हीबी आहे, असं नसतं.

नळी दिव्यांच्याच बाजूला हवी. उरलेल्या निम्म्या टाकीत सावली राहू द्या आणि तिथे सरपटत आत जाता येईल असा पसरट आडोसा ठेवा. आडोशाचं तोंड रुंद हवं. अरुंद फटीत तो उलटा झाला तर स्वतःहून सुलटा होऊ शकत नाही, आणि पाठीवर पडून राहिल्यावर पोटाचा भार फुप्फुसांवर येऊन श्वास कोंडतो.

कातळ

तळाबद्दल. वाळू काढाच. आतडी मंद असताना गिळलेली वाळू अडकते, गुदद्वारात भरते आणि घासलेल्या कातडीवर सँडपेपरसारखी चालते.

मी सुचवेन ती रचना अशी: सगळ्यात खाली रबराची जाळीदार शेल्फ-लायनर, गोंद नसलेली. तिच्यावर फ्लीसचं कापड ताणून, कडा खाली दुमडून. फ्लीसवर पुढच्या नखांना पकड मिळते आणि पोट सरकतं. टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं अडकतात. सुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळला तर दोन दिवसांत बोट काळं पडतं. बास्किंगच्या जागी ५ सेंमी उंच स्लेट फरशी, टाकीच्या पूर्ण रुंदीची, आणि तिच्यावर चढायला तेवढ्याच रुंदीचा ३० सेंमी लांब उतार, त्यावरही फ्लीस. झोपायच्या जागी साधा पेपर टॉवेल घाला, म्हणजे सकाळी शीचा रंग नीट दिसतो. शीतला पांढरा भाग पांढरा आणि मऊ असेल तर पाणी पुरतंय. पिवळा-नारिंगी आणि खडूसारखा कडक असेल तर पुरत नाहीये.

रोज संध्याकाळी त्याला तळहातावर घेऊन खालून बघा: पोट, शेपटीच्या मुळाची खालची बाजू, गुडघे आणि मागच्या पावलांची वरची बाजू. ओढताना पाऊल उलटं वळतं, म्हणून जखम तळव्याला न होता पावलाच्या पाठीला होते. पोटाला नुसतं बघून सोडलं की नेमकी हीच जागा राहून जाते.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा कंबरेखाली, कणा सरळ. एक्स-रेत हाडं पातळ दिसली आहेत तोवर पायाला धरून काहीही ओढू नका, अगदी कात काढण्यासाठीसुद्धा. बोटांवर अडकलेली कात कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने आपोआप सुटेल तेवढीच काढा.

पिंपळपान

खूप आभार. टेंपरेचर गन घेतली. लाकडाखालच्या वाळूचं तापमान ११८ निघालं. पोट बघितलं, तर उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला नखाएवढा तपकिरी डाग आहे, कोरडा, कडेला खवले जरा उचललेले. घासल्याचा की भाजल्याचा? घरात तिहेरी अँटिबायोटिकची ट्यूब आहे, लावू का?

गारवेल

११८ आणि तपकिरी कोरडा डाग म्हटल्यावर मी भाजल्याचंच धरून चालेन. फोटो काढून आजच व्हेटला पाठवा. सरीसृपाची भाजलेली जागा पहिल्या आठवड्यात असते त्याहून लहान दिसते, खालची कातडी नंतर मरते. तोवर क्लोरहेक्सिडीन ०.०५ टक्के इतकं पातळ करून गॉजने टिपा, किंवा पोव्हिडोन आयोडीन फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. ट्यूबवर वेदनाशामक असलेली असं लिहिलं असेल तर ती अजिबात नको, त्यातलं बधिरीकरणाचं औषध त्यांना बाधू शकतं. मलम कुठलं आणि किती, ते व्हेटने ठरवावं. जखम भरेपर्यंत त्या भागाखाली रोज नवा पेपर टॉवेल ठेवा आणि अंघोळ बंद.

कातळ

शीबद्दल. आधी ऊब आणि पाणी, मग मालिश. पोट गार असेल तर काहीच पचत नाही, त्यामुळे नवे दिवे लागल्यावर निम्मा प्रश्न आपोआप सुटायला हवा.

जखम भरल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं. पाणी ८८ ते ९० फॅ., थर्मामीटरने मोजूनच. खोली पुढच्या कोपरापर्यंत, त्याहून जास्त नको. छातीखाली नॅपकिनची गुंडाळी ठेवा म्हणजे हनुवटी वर राहील. मागचा भाग लुळा असला की थकल्यावर डोकं पाण्यात जातं, म्हणून फोन वाजला तरी तिथून उठायचं नाही. पाण्यातच दोन बोटांनी बरगड्या संपतात तिथपासून गुदद्वाराकडे, एकाच दिशेने, मोसंबीची साल दबणार नाही इतक्या हलक्या हाताने पाच मिनिटं. नंतर कोरडं करून थेट दिव्याखाली. बाथटब किंवा बादली त्याच्यासाठी वेगळीच ठेवा. स्वयंपाकघरातलं सिंक वापरू नका, साल्मोनेलाचा धोका असतो. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर त्याने हात लावू नये.

ऊब नीट असूनही सात-आठ दिवस शी नाही, पोट फुगलंय, खाणं थांबलंय, तर घरगुती उपाय न करता एक्स-रे. ऑलिव्ह तेल वगैरे तोंडात घालू नका, फुप्फुसात जातं.

शेवगा

खाण्याचं मी लिहिते. जबडा मऊ आहे तोवर कार्ड घालून किंवा दाढी ओढून तोंड उघडायचं नाही, जबडा मोडू शकतो. नाकासमोर धरा, ओठाला पाण्याचा थेंब लावा, चाटू द्या.

पानं रोज. आपल्या इंडियन ग्रोसरीत मिळणारी मोहरीची पानं उत्तम, शेवग्याची पानं आठवड्यातून एक-दोनदा. अमेरिकन दुकानातून कॉलर्ड, टर्निप आणि डँडेलियनची पानं घ्या. थोडा किसलेला बटरनट भोपळा. आपल्या घरात सहज असणाऱ्या पालक, माठ, राजगिरा, चुका या भाज्या नकोत. त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, आणि या बाळाला कॅल्शियमचा कण न् कण हवा आहे. अवोकाडो विषारी. पानं शिरा काढून कोथिंबिरीसारखी बारीक चिरा आणि ओलीच द्या. आखूड जबड्याला मोठं पान फाडता येत नाही.

किडे एक दिवसाआड. डुबिया झुरळं किंवा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या, दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठ्या नाहीत, एका वेळी सहा ते आठ. अळ्यांत कॅल्शियम मुळातच भरपूर असतं. रातकिड्यांत उलट, फॉस्फरस कित्येक पट जास्त. रबरी टोकाच्या चिमट्याने भरवा, धातूच्या टोकावर चावला तर जबड्याला इजा. जिवंत रातकिडे टाकीत सोडून देऊ नका. ते रात्री बधिर पायांची बोटं कुरतडतात आणि त्याला कळतही नाही. उन्हाळ्यात तुमच्याकडे अंगणात काजवे दिसतील. एक काजवासुद्धा जीव घेतो, बाहेरचा कुठलाही किडा नको.

किड्यांवर डी३ नसलेली कॅल्शियमची पूड लावतात, पण तुमचं तोंडावाटे औषध चालू आहे, तर दोन्ही मिळून किती हे व्हेटला विचारून ठरवा. डी३ची जास्तीची पूड स्वतःहून सुरू करू नका. डी३ अंगात साठतं आणि कॅल्शियम मूत्रपिंडात जमायला लागतं.

वजन दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, किचनच्या काट्यावर. २६०चं २३४ झालं म्हणजे दहा टक्के गेले, तेव्हा वाट न बघता व्हेटकडे. सिरिंजने भरवायची वेळ आली तर एका वेळी ३ मिलीच्या आसपास सुरुवात, अंग तापल्यावरच, डोकं आडवं ठेवून, तोंडाच्या कडेने थेंब थेंब.

पिंपळपान

व्हेटने डाग भाजल्याचाच सांगितला, मलम दिलं. टी५ नळी आणि दोन दिवे आले. फरशीवर आता ९६ येतंय. शेवटचा एक प्रश्न: मागच्या भागाला आधार देणारी चाकांची गाडी आणि पायांचे व्यायाम यांचा उपयोग होईल का?

रानजाई

आत्ता दोन्ही नको. सहा आठवड्यांच्या एक्स-रेत हाडं दाट दिसली आणि व्हेट हो म्हणाले, तर डाव्या पायाचे हलके व्यायाम करता येतील: पाय नैसर्गिक दिशेने दुमडायचा, सोडायचा, आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. उजव्या मांडीला हात लावायचा नाही. गाडीचा पट्टा पोटावर दाबतो आणि श्वास अडवतो, म्हणून ती नंतरही पाच मिनिटांहून जास्त नको. डाव्या पायात आखडून घेण्याची ताकद आहे, त्याला फ्लीसवर रोज टाकीबाहेर दहा मिनिटं सरपटू देणं जास्त कामाचं.

आणि आता थंडी येतेय. व्हेटकडे नेताना झाकणाचा थर्माकोलचा डबा, झाकणाला हवेची भोकं, फडक्यात गुंडाळलेली १०० फॅ.च्या पाण्याची बाटली एका बाजूला, दुसरी बाजू मोकळी. बाटली त्याच्या अंगाला टेकवून ठेवू नका, तिथूनही त्याला सरकता येणार नाही. कार आधी तापवा, मग त्याला घराबाहेर काढा.